मदत हवी आहे : आचारसंहिता राबवणाऱ्यांपैकीच एकाविरुद्ध तक्रार आल्यास काय करावे?

देवनागरी शब्दांचा अकारविल्हे क्रम लावणारी एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा, सर्वांसाठी खुला असलेला तयार कोड) आम्ही तिघे जण सांभाळतो. बाहेरून नियमितपणे कोड पाठवणारे आणखी आठ-नऊ जण आहेत आणि सारे काम विनामोबदला चालते. गेल्या महिन्यात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे वर्णमालेच्या शेवटी घ्यावेत की ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात, यावर वाद झाला. दोन्ही पद्धती कोशांत आढळतात, त्यामुळे मतभेद रास्तच होता. परंतु आम्हा तिघांपैकी सर्वांत जुने असलेल्या एका सहकाऱ्यांनी एका नवोदित मुलीच्या पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल स्वीकारण्यासाठी पाठवलेल्या प्रस्तावावर) ‘आधी बाराखडी गिरवा, मग या’ असा शेरा मारला आणि तिने काम थांबवले.

चर्चा दोनदा लॉक करून, म्हणजे नवे शेरे बंद करून पाहिली. त्या सहकाऱ्यांशी खासगीत बोललो, तेव्हा ‘मी कोडवर बोललो, व्यक्तीवर नाही’ असे उत्तर मिळाले, जे त्या शेऱ्याला तरी लागू पडत नाही. कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीच्या तयार आचारसंहितेची २.१ ही आवृत्ती आम्ही आधीच स्वीकारली आहे. तिच्यात दुरुस्तीची समज, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी अशा पायऱ्या आहेत, मात्र त्या राबवणारे आम्हीच तिघे. लिनक्स कर्नल या मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पासारखी स्वतंत्र समिती नेमण्याइतकी माणसे आमच्याकडे नाहीत.

त्या सहकाऱ्यांना काढायचे नाही, फोर्कही (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढणे) नको. क्रमवारीच्या कोडचे बारकावे त्यांनाच ठाऊक आहेत. अशा वेळी उरलेल्या दोघांनी निर्णय द्यावा की बाहेरची तटस्थ व्यक्ती नेमावी, आणि कोड लिहिण्याचे अधिकार कायम ठेवून केवळ रिव्ह्यूचे (इतरांचा कोड तपासून शेरे देण्याचे) काम काही काळ काढून घेण्याचा प्रयोग कोणी केला आहे का?