संकेतस्थळाची पाने तयार करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे? आपले अनुभव लिहा

गिरगावातील आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम यापुढे बाहेर न देता दोन कर्मचाऱ्यांनीच पाहावे, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. दोघांनाही एचटीएमएल, म्हणजे पाने लिहिण्याची खुणांची भाषा, जेमतेम येते. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे जाहिरातींवरून ठरवण्यापेक्षा, ज्यांनी ते वर्षानुवर्षे हाताळले त्यांच्याकडून जाणून घेणे आम्हाला योग्य वाटते. आपण काय निवडले, कशावरून निवडले आणि पुढे ते सोडावे लागले तेव्हा हाती काय उरले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

दादर, छपाई व्यावसायिक

आम्ही २००२ साली पाने तयार करण्याचे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर फ्रंटपेज घेतले, कारण ते वर्डसारखे दिसत असे. चौकशीचा फॉर्म आणि भेटींचा आकडा त्यात चटकन तयार होत. पण या सोयी चालण्यासाठी सर्व्हरवर (संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्यावर) फ्रंटपेजची स्वतंत्र एक्स्टेन्शन्स, म्हणजे पूरक प्रोग्रॅम, बसवलेली असावी लागत, याची चौकशी आम्ही केलीच नव्हती. होस्टिंग (सर्व्हरवर जागा देणारी सेवा) बदलले, फॉर्म मुका झाला आणि ग्राहकांची चौकशी आपल्यापर्यंत पोहोचत नाही हे आम्हाला महिन्याभराने कळले. पुढे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज बंदच केले. तयार झालेले पान कुठल्याही साध्या सर्व्हरवर जसेच्या तसे चालेल का, हे आधी विचारावे.

परळ, संकेतस्थळांची कामे करणारी

मी बारा वर्षे अडोबी कंपनीचे ड्रीमवीव्हर वापरले. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानांच्या सामाईक साच्यात, मेन्यू एकदा बदलला की त्यावर बेतलेली सगळी पाने बदलत, आणि जो भाग मोकळा ठेवला आहे तेवढ्यालाच इतरांना हात लावता येई. नवशिक्या कर्मचाऱ्यांसाठी हा फार मोठा आधार आहे. त्या टेम्प्लेटच्या खुणा एचटीएमएलमध्ये साध्या टिपणीच्या रूपाने राहतात, त्यामुळे ती पाने नोटपॅडमध्येही उघडतात. मात्र २०१३ पासून अडोबीने नव्या आवृत्त्यांसाठी वर्गणीची पद्धत आणली. वाचनालयाच्या अंदाजपत्रकात ती रक्कम दरवर्षी बसेल का, हे पाहावे.

मुलुंड, शिक्षिका

माझा अनुभव मराठी मजकुराचा आहे. प्रवेशाच्या सूचनेचे पान मी जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये दुरुस्त केले आणि जतन करताना आलेला इशारा न वाचता पुढे गेले. फाइल एएनएसआय या अक्षरे साठवण्याच्या जुन्या पद्धतीने जतन झाली, जिच्यात देवनागरी मावत नाही. पान उघडले तर "प्रवेश अर्ज" या शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होती, आणि हे नुकसान भरून येत नाही, कारण मूळ अक्षरेच फाइलमधून गेलेली असतात. (विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड आपण होऊन देवनागरी सांभाळणारी यूटीएफ-८ पद्धत वापरते, पण जुने संगणक अजून वापरात आहेत.) आता कोणताही संपादक (लिहिण्याचे सॉफ्टवेअर) तपासताना मी "कुऱ्हाड", "वाङ्मय", "विठ्ठल" आणि "हृदय" हे शब्द टंकते, फाइल बंद करून पुन्हा उघडते आणि मग एखाद्या शब्दाच्या मधले अक्षर खोडून पाहते. जोडाक्षरापाशी कर्सर भलतीकडेच जाऊन पडत असेल, तर तेथे रोज दहा ओळी लिहिणे किती कष्टाचे होईल ते लगेच समजते. वर्डमधला मजकूर चिकटवूनही पाहावा. काही संपादक त्याबरोबर वर्डच्या ढीगभर अनावश्यक शैली-नोंदी आत घेतात.

बोरिवली, अभियंता

मी आधी ब्रॅकेट्स आणि मग अ‍ॅटम हे एचटीएमएल हाताने लिहिण्याचे संपादक वापरले. ब्रॅकेट्सची देखभाल अडोबीने २०२१ मध्ये थांबवली, तर अ‍ॅटम १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाले. माझे एकही पान अडले नाही. साध्या फाइली होत्या. एका संध्याकाळी व्हीएस कोड या तशाच दुसऱ्या संपादकात उघडल्या आणि काम पुढे सुरू झाले.

वरळी, दृष्टिहीन वाचक

मी पाने एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ऐकतो. मथळा नुसता ठळक आणि मोठा केला, तर तो तुम्हाला मथळा दिसतो, मला मात्र बाकीच्या मजकुरासारखाच ऐकू येतो. तो एचटीएमएलच्या खऱ्या शीर्षक-खुणेत असेल, तर मी एच ही कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो आणि तीनशे पुस्तकांच्या यादीतला चरित्र विभाग काही क्षणांत सापडतो. पानाची भाषा "एमआर" (मराठीची खूण) अशी एचटीएमएलमध्ये नोंदलेली असली, की स्क्रीन रीडर मराठी उच्चारांकडे वळू शकतो. नवशिक्या कर्मचाऱ्याला या दोन्ही गोष्टी सहज करता येतात का, हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नव्या पुस्तकांच्या यादीचे एक नमुना पान प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तयार करून मला पाठवा. मी ऐकून कुठे अडलो ते कळवीन.