शुक्रवारी प्लास्टर काढायचंय, मुलगा तयार नाही. मदत हवी आहे (तातडीने)

केतकी_ठाणे
शुक्रवारी लेकाचं प्लास्टर काढायचंय आणि तो ऐकतच नाहीये. मोठ्या चुलतभावाने सांगून ठेवलंय की करवतीने कापतात आणि थोडा हातही जातो. तेव्हापासून रात्री दचकून उठतो. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तर आवाज ऐकूनच पलंगाखाली शिरला. त्याला काय सांगू? 'काही होत नाही, मुलं विसरतात' हा सल्ला कृपया नको, तो सासूबाईंकडून रोज मिळतोय.

सासवडी_अंजीर
वय काय? हात की पाय? पीओपी की फायबर? कच्चं की पक्कं? कच्चं असेल तर कटर लागतच नाही. एका बाजूला पट्टी असते, वरचं बँडेज कात्रीने कापतात आणि उचलतात. तुम्ही फुकट घाबरताय असंही असेल.

जुनाजाणता
मुलं विसरतात हो. मी आठ वर्षांचा असताना जांभळीवरून पडलो. वडिलांनी हाडवैद्याकडे नेलं. बांबूच्या कांब्या, आंबेहळदीचा लेप, वर धोतराचा फाळका. ना करवत ना कटर. हात किंचित वाकडा आहे, पण अडलं काही नाही. प्लास्टर निघालं की कोमट तेलाने मालिश सुरू करा, आणि कांडवेलीची चटणी द्या.

केतकी_ठाणे
सहा वर्षं. डावा हात, पक्कं, फायबर, दंडापर्यंत. काका, कांडवेल नको.

ठोकळेबाज
कटरचं पातं गिरणीतल्या करवतीसारखं गरगर फिरत नाही, जागच्या जागी डावी-उजवीकडे थरथरतं. कडक वस्तू हलत नाही म्हणून कापली जाते, कातडी पात्याबरोबर हलते म्हणून सहसा वाचते. हे त्याला समजावू नका, करून दाखवा. चालू मिक्सरच्या झाकणावर तळहात ठेवायला सांगा: "अस्संच गुदगुल्यासारखं, आणि आवाज मिक्सरसारखा मोठा." घरी अस्वलाला ओल्या कागदाचं प्लास्टर घाला, वाळलं की त्याच्याच हातात कात्री द्या. शुक्रवारी हेडफोन न्या.

चिंचगुळी
'गुदगुल्या' सांगू नका! पातं तापतं. माझ्या पुतणीला चटका बसला होता, बारीक ओरखडाही उठला. "गरम लागलं तर 'थांबा' म्हण, ते थांबतील" असं सांगा, आणि ते खरंच थांबतील हे तिथल्या माणसाशी आधी बोलून ठेवा. एकदा खोटं पकडलं की पोर पुढची दहा वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही.

ठोकळेबाज
मी 'सहसा' लिहिलंय. नीट वाचा.

चिंचगुळी
सहा वर्षांच्या मुलाला 'सहसा' ऐकू येत नाही.

रविवारचा_इतिहास
गंमत म्हणून: प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव पॅरिसच्या मॉंमार्त्र टेकडीतल्या जिप्समवरून आलं. त्याची भुकटी चोळलेल्या पट्ट्या हाडांसाठी वापरायची पद्धत मॅथिजसन या डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये प्रसिद्ध केली.

दुपारची_झोप
म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं तेच ना? शाडूच्याच मूर्ती घ्या हे मी कधीपासून सांगतेय.

सासवडी_अंजीर
त्या वादाला वेगळा धागा आहे, तिकडे जा. केतकी, दंडापर्यंत म्हणजे कोपर. झोपाळ्यावरून वगैरे पडला का? ऑपरेशन झालं होतं का? हाड जागेवर धरायला तारा घातल्यात?

केतकी_ठाणे
हो, मंकी बारवरून. भूल देऊन दोन तारा घातल्यात. त्याही शुक्रवारीच काढणार आहेत. लिहायचं राहिलं.

चिंचगुळी
अहो!! मग मुख्य गोष्ट तीच की. आम्ही दोन दिवस कटरवर भांडतोय.

सासवडी_अंजीर
माझ्या मुलीच्या होत्या, म्हणून विचारलं. तारांची टोकं बहुतेक कातडीबाहेर वाकवून ठेवलेली असतात. पकडीने धरून ओढतात, एकेक तार काही सेकंदांत येते. आज दवाखान्यात फोन करून एवढं विचारा: गुंगी देणार का? देणार असतील तर उपाशी किती तास ठेवायचं? देणार नसतील तर दुखण्याचं औषध आधी किती वाजता द्यायचं? आणि तो तुमच्या मांडीवर बसला तर चालेल का?

मुलाला सोमवारपासून सांगत बसू नका, बुधवार-गुरुवार पुरे. "ओढल्यासारखं वाटेल, थोडं दुखेल, लगेच थांबेल." बघायचं की तोंड फिरवायचं हे त्याला ठरवू द्या.

हात कसा दिसेल तेही सांगा. बारीक होतो, कातडीचे पापुद्रे निघतात, वास येतो, लव दाट दिसते. कोपर लगेच सरळ होत नाही. मालिश अजिबात नको आणि ओढून सरळही करू नका, कोपराच्या स्नायूत हाड धरू शकतं. हे आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. जुनाजाणता काका, वाचताय ना?

जुनाजाणता
वाचतोय. आमच्या वेळी एवढं विचारायची सोय नव्हती.

केतकी_ठाणे
(शुक्रवार रात्र) झालं. गुंगी दिली नाही, औषध अर्धा तास आधी दिलं. बुधवारी रात्री तारांचं सांगितलं तर एकच प्रश्न: "त्या घरी आणता येतील?" कटरला घाबरायचा तो घाबरलाच. तिथल्या दादांनी पातं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं, तर म्हणाला, "तुम्ही मोठे आहात." मग माझ्या हाताला लावायला लावलं, मग स्वतःच्या अंगठ्याला. दोनदा 'थांबा' म्हणाला, दोन्हीदा थांबले. तारांच्या वेळी एकदा 'आई गं'.

खरा रडला तो हात बघून. "हा माझा नाहीये." अंजीरताईंनी लिहिलं होतं, मी वाचलंही होतं, पण त्याला सांगायचं राहिलं.

चिंचगुळी
आता कसा आहे?

केतकी_ठाणे
हात शर्टात लपवून झोपलाय. कोमट पाण्यात बुडवून बोटं हलवायला दिलीत.

दुपारची_झोप
आणि तारा?

केतकी_ठाणे
धुऊन डबीत. सोमवारी चुलतभावाला दाखवायच्यात.

जुनाजाणता
नाचणीचं सत्त्व तरी सुरू करा.