परळ: ‘पेशंटांना जागा भाड्याने देऊ नये’ असा ठराव सोसायटीत येतोय. काय करावं?

सातवा मजला:
मंडळी, नमस्कार. आमची चाळ भोईवाड्याच्या बाजूला होती, तिचा टॉवर झाला. चौदा वर्षं संक्रमण शिबिरात काढून आता कुठे हक्काच्या घरात आलोय. पण निम्मे जुने शेजारी आलेच नाहीत. ते डोंबिवली-बदलापूरला राहतात आणि इथलं घर टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या पेशंटांना देतात. आमच्या मजल्यावर आठपैकी पाच दारं अशी. एका वन बीएचकेत तीन कुटुंबं, हॉलमध्ये दोरीला चादर टाकून दोन भाग केलेत. सकाळी साडेसहापासून लिफ्टपाशी रांग, साडेनऊला टाकीतलं पाणी संपतं.

परवा जिन्यात एका मुलाला उलटी होत होती, आई त्याला धरून बसली होती. शेजारच्या काकांनी दार लावून घेतलं. मीही मोबाइलमध्ये बघत खाली उतरलो, खोटं कशाला बोलू.

येत्या रविवारी सभा आहे. हात वर करायचा की नाही ते ठरत नाहीये. ज्यांनी हा भाग बदलताना पाहिलाय त्यांनी सांगा, हे असंच वाढत जाणार का?

करी रोडचा:
नवीन काही नाही. २०२१ आठवतंय ना? म्हाडाची १०० घरं टाटाच्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरलं, चाव्यासुद्धा दिल्या. घरं करी रोडला, हाजी कासम चाळीच्या जागी झालेल्या इमारतींत. रहिवाशांनी हरकत घेतली, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि शेवटी बॉम्बे डाइंगच्या आवारातली म्हाडाची घरं पुढे आली. तेव्हा मी हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने होतो. आज विचाराल तर सांगता येणार नाही.

वाढणार का? टाटाचा मोठा पसारा आता खारघरला आहे, वाराणसीलाही त्यांचं हॉस्पिटल झालं. पण इथली गर्दी हटलेली मला तरी दिसत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला. पश्चिमेकडून येणाऱ्याला टिळक पुलाचा नाहीतर करी रोडचा वळसा. साहजिक जो तो पुलाच्या अलीकडे, हॉस्पिटलच्या बाजूलाच खोली शोधतो.

आईची खाणावळ:
मी सांगते. वय ६१, जन्म केईएमचा, माहेर-सासर दोन्ही परळ. थोडं लांबेल.

हॉस्पिटल वाढलं म्हणून वस्ती बिघडली, हे अर्धंच खरं. केईएम १९२६ चं, वाडिया त्याच सुमाराचं, टाटा १९४१ चं. तेव्हा टाटात ८० खाटा होत्या, आज सहाशेच्या वर आहेत. रस्त्यांची नावंही त्यांचीच, जेरबाई वाडिया, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस. पण आमच्या लहानपणी त्या नुसत्या मोठ्या इमारती. वस्ती चालायची गिरणीच्या भोंग्यावर. आईच्या खाणावळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, अठ्ठावीस गडी जेवायचे, पाळीप्रमाणे पंगती. भाकरी, सुकट आणि नाकातून पाणी काढणारा रस्सा. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांच्यामुळे आईला बँकेचं कर्ज मिळालं. त्यातून दोन मोठी पातेली आली. अजून वापरते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आईने सहा महिने उधारीवर वाढलं. गडी एकेक करून गावाला गेले, वही घरात राहिली.

मग ८४ की ८५ असेल, जिन्यापाशी एक बिहारी माणूस येऊन उभा राहिला, काखेत एक्स-रेचं पाकीट. बायको टाटात. त्याला मऊ भात हवा होता, बिनतिखटाचा. आईला हिंदी येत नव्हतं, पण पाकीट बघून कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी तिघांना आणलं.

आज मी चाळीस डबे देते, त्यात लाल तिखट जवळपास नसतंच. किमोवाल्याला फोडणीचा वास सोसत नाही, हिंगाचा तर मुळीच नाही. कित्येकांना स्टीलचा चमचा तोंडात धरवत नाही, लोखंड चाटल्यासारखं होतं म्हणतात, म्हणून प्लास्टिकचे चमचे. पांढऱ्या पेशी उतरल्या की डॉक्टर कच्चं काही देऊ नका सांगतात. मग कोशिंबीर बंद, आणि कोथिंबीर वरून भुरभुरवायची नाही, शिजतानाच घालायची. तोंड आलेल्याला लिंबू-टोमॅटो चालत नाही. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, पेशंटांच्या बायकांनी शिकवलं.

गल्लीचंही तसंच. मसाल्याचा डंक होता तिथे मेडिकल झालं. सायकलवाला होता तिथे फाईल घेऊन येणाऱ्यांसाठी झेरॉक्स, त्याच्या बाजूला विगचं दुकान. आमच्या किराणावाल्याने पाटी बंगालीत लिहून घेतलीय, तो राजापूरचा. रविवारी ओपीडी बंद की सगळी गल्ली झोपलेली, जशी पूर्वी गिरणीच्या सुट्टीला असायची.

आता तुमचा ठराव. एका खोलीत वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपायचे, तेव्हा कोणी ठराव केला नाही. का, तर ते आपल्या गावचे. आज त्याच खोलीत खाटेच्या हिशेबाने भाडं घेतोय तोही आपलाच, त्याच गड्याचा नातू. त्याला धरा. पेशंटला कशाला?

आणि मी साळसूद नाही. माझा पोटमाळा मी तीन वर्षं भाड्याने दिला होता. आसामचं एक जोडपं होतं, नवऱ्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं. शेजारणीला जास्त मिळतंय असं कळलं, म्हणून मी हजार रुपये वाढवले. ते काही न बोलता गेले. पंधरा दिवसांनी जेरबाई वाडियाच्या फुटपाथवर दिसले, निळ्या ताडपत्रीखाली. भाजीला जायचा माझा रोजचा रस्ता तोच. तिनेच मला हाक मारली, डबा चालू आहे का विचारायला. डबा दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. पण परत वर या म्हणायला माझी जीभ उचलली नाही. पुढे पोटमाळाच बंद केला.

तीन सोसायट्यांचा सेक्रेटरी:
ताई, वाचून थांबलो जरा.

सातवा मजला, कामाचं तेवढं सांगतो. आजाराच्या नावावर कोणाला मज्जाव करणारा ठराव करू नका. माझ्या मते सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे टिकणार नाही, आणि टिकला तरी शोभणार नाही. त्याऐवजी कागद मागा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो. खाटेवर भाडं घेणाऱ्या किती मालकांकडे तो असेल? करारात राहणाऱ्यांची नावं येतात, म्हणजे तीन कुटुंबं आपोआप उघडी पडतात. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो त्याला बिनभोगवटा शुल्क लावा, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाता येत नाही. काही सोसायट्या पाचपट लावतात आणि मग हेलपाटे घालतात.

जळगाववाला:
मी त्या चादरीच्या पलीकडचा. वडिलांना घेऊन अकरा महिने भोईवाड्यात होतो. आधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण उपचार लांबला आणि खोली बघावी लागली. आठ बाय दहाची अर्धी खोली, बाकी अर्ध्यात बंगालमधल्या मालदाचं कुटुंब. भाडं रोजाने, पावती मागितली तर दुसरी खोली बघा. सेक्रेटरी म्हणतात तसा करार करा, पण सावकाश करा. उद्या सगळ्यांनाच बाहेर काढलं तर ते लोक ताईंनी सांगितलेल्या फुटपाथवरच जातील.

आणि एक छोटंसं सांगू? प्रत्येक मजल्यावर एक बादली, फडकं आणि फिनाइल ठेवा. जिन्यात उलटी झाली की आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुसायला आम्ही तयार असतो. पण पाणी मागायला दार कोणाचं वाजवणार?

सातवा मजला:
सगळ्यांचे आभार. सभा झाली. दोन तास गच्चीची गळती आणि पार्किंग, ठराव पुढच्या सभेवर गेला. करार दाखवा म्हटल्यावर ‘पेशंट नकोत’ म्हणणाऱ्यांपैकी दोघं गप्प बसले, त्यांचीच घरं भाड्याने आहेत.

बादल्या मात्र ठेवल्या, वर्गणी न काढता. पाचव्या मजल्यावरची दुसऱ्याच दिवशी नाहीशी झाली.

आईची खाणावळ:
पाचव्याला माझ्याकडची जुनी घेऊन जा. कडी तुटलीय, कोणी नेणार नाही.