१९११ चा कार्लाइलचा हंगाम: गुणांची बेरीज जुळत नाही, मैदानही आखायचंय

लकडीपूल_पलीकडे

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कॉलेजच्या क्रीडा विभागासाठी शंभरेक वर्षांपूर्वीच्या खेळांचं छोटं प्रदर्शन करतोय. त्यात एक फलक अमेरिकन फुटबॉलचा आहे. त्यासाठी कार्लाइल कॉलेजचा १९११ चा हंगाम निवडलाय, खेळाडू जिम थॉर्प आणि प्रशिक्षक पॉप वॉर्नरचा. निकाल असे (कार्लाइलचे गुण आधी):

लेबनन व्हॅली ५३-०, म्यूलनबर्ग ३२-०, डिकिन्सन १७-०, माउंट सेंट मेरीज ४६-५, जॉर्जटाउन २८-५, पिट्सबर्ग १७-०, लाफायेट १९-०, पेनसिल्व्हेनिया १६-०, हार्वर्ड १८-१५, सिराक्यूज ११-१२, जॉन्स हॉपकिन्स २९-६, ब्राउन १२-६.

अकरा विजय, एक पराभव. इथवर ठीक. अडलंय ते पुढे:

हार्वर्डविरुद्ध थॉर्पने चार फील्ड गोल (चालू खेळात चेंडू पायाने दांड्यावरून, दोन खांबांमधून मारणं) मारले, म्हणजे १२. एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेघेपलीकडे नेणं) ६, त्यावरची किक १. झाले १९. पण निकाल १८ चा! शिवाय माउंट सेंट मेरीज आणि जॉर्जटाउनचे ५ गुण कुठून आले?

दुसरं म्हणजे, फलकाशेजारी खरं मैदान आखून थोडं प्रात्यक्षिक दाखवायचंय. हॉकीचं मैदान मिळतंय. अमेरिकन फुटबॉलही १०० यार्डांचाच, मग बसेल ना? जुन्या काही फोटोंत उभ्या-आडव्या अशा दोन्ही रेघा दिसतात. त्या दोन्ही काढायच्या का?

जुनी_कात्रणे

बेरीज जुळत नाही, कारण तुम्ही आजचे गुण १९११ ला लावताय. त्या दहा-बारा वर्षांत गुणपद्धत तीनदा बदलली. सामन्याचं साल पाहिल्याशिवाय जुन्या निकालाला हातच लावू नये.

१९०३ पर्यंत टचडाउन ५ आणि फील्ड गोलही ५. १९०४ ला फील्ड गोल ४ वर आला, १९०९ ला ३ वर. टचडाउन ६ झाला तो १९१२ ला. टचडाउननंतरच्या किकचा १ गुण आणि सेफ्टीचे (चेंडूवाला स्वतःच्याच गोलरेघेमागे अडवला गेला की समोरच्या संघाला मिळणारे) २ मात्र या सगळ्या काळात तेच राहिले.

आता हार्वर्डचा सामना, ११ नोव्हेंबर १९११. चार फील्ड गोल १२, टचडाउन ५, किक १. झाले १८.

माउंट सेंट मेरीज आणि जॉर्जटाउनचे ५ म्हणजे सरळ सरळ एक टचडाउन आणि हुकलेली किक. फील्ड गोल आणि सेफ्टी मिळूनही ५ होतात, पण ते क्वचित.

उलटा हिशेब मात्र करू नका. हार्वर्डचे १५ घ्या. दोन टचडाउन किकसह आणि एक फील्ड गोल, तरी १५. एक टचडाउन किकसह आणि तीन फील्ड गोल, तरी १५. तिन्ही किक हुकलेले तीन टचडाउन, तरी १५च. निकालाच्या आकड्यावरून खेळ कळत नाही, त्यासाठी सामन्याचा वृत्तांतच लागतो. फलकावर ‘गुण असे झाले’ हा रकाना असेल तर वृत्तांत हाती नसलेल्या सामन्यांपुढे तो कोरा सोडा.

ताळा म्हणून सांगतो: तुमच्या यादीची बेरीज २९८ विरुद्ध ४९ येते आणि ती बरोबर आहे. म्हणजे आकडे उतरवताना चूक झालेली नाही.

पद्धत नीट बसवायची असेल तर आणखी दोन सामने सोडवून बघा. १ जानेवारी १९०२ ला पॅसाडिनात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० ने हरवलं. आठ टचडाउन ४०, चार किक ४, एक फील्ड गोल ५. आजच्या दराने मांडलं तर ५५ होतात. दुसरा ७ ऑक्टोबर १९१६ चा, जॉर्जिया टेक २२२, कंबरलंड ०. बत्तीस टचडाउन सहाच्या दराने १९२, तीस किक ३०. हे २२२ पाचच्या काळात घडले असते तर १९० वरच थांबले असते.

फक्कीवाला

मैदानाचं मी सांगतो. हॉकीचं मैदान ९१.४० मीटर, म्हणजे १०० यार्ड. पण १९११ चं मैदान ११० यार्डांचं होतं, १००.५८ मीटर. दोन टोकांच्या गोलरेघा आणि मधोमध ५५ यार्डांची रेघ. १०० यार्ड आणि दोन्हीकडे दहा-दहा यार्डांचे एंड झोन (गोलरेघेमागचे पट्टे) हे १९१२ पासून. तेव्हा तुमच्या मैदानावर १९११ पूर्ण बसत नाही. १९१२ सुद्धा गोलरेघेपासून गोलरेघेपर्यंतच बसतं, एंड झोन बाहेर पडतात.

दहा यार्ड कमी करून ‘साधारण तसंच’ आखू नका. त्यापेक्षा अर्धंच मैदान आखा, एक गोलरेघ ते ५५ ची रेघ. प्रात्यक्षिकाला पुष्कळ झालं. माप फुटांत घ्या म्हणजे अपूर्णांकच नको: लांबी १६५ फूट, रुंदी १६० फूट, दर १५ फुटांवर एक रेघ.

आधी गोलरेघ टाका, १६० फूट. ५० मीटरची टेप असेल तर ही एका दमात मोजून होते (४८.७७ मीटर). बाजूची रेघ मात्र ५०.२९ मीटर आहे. तिथे टेप एक वीत कमी पडते आणि माणसं तिथेच खुंटी ठोकून मोकळी होतात. काटकोनाला ३०-४०-५० फुटांचा दोरीचा त्रिकोण. चारही खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा, २२९ फूट १० इंच आले पाहिजेत. एक कर्ण जास्त आणि दुसरा कमी आला तर चौकट तिरकी झालीय, फक्की टाकायची घाई करू नका.

मीटरची टेप वापरून ‘साडेचार मीटरला एक रेघ’ असं कोणी सुचवेल. ऐकू नका. अकरा टप्प्यांत ७९ सेंटिमीटर खातं ते. आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपासून न मोजता गोलरेघेपासूनच मोजा: १५, ३०, ४५... नाहीतर टेप दर वेळी बोटभर सरकते आणि शेवटच्या रेघेला सगळं साचून दिसतं.

एकूण रेघांची लांबी साधारण ६८५ मीटर होईल. खडूची फक्की घ्या. कळीचा चुना मुळीच नको, तो ओल्या अंगाला आणि डोळ्यांना भाजतो आणि या खेळात तोंड जमिनीला लागतंच. सकाळी दव असताना टाकलेली रेघ चिखलासारखी बसते, ऊन चढल्यावर सुतळी ताणून टाका.

उभ्या-आडव्या रेघा: त्या १९०३-०४ पासून १९०९ पर्यंतच्या. मागे आलेला चेंडू पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला पुढे पळायचं असेल तर चेंडू जिथून सुरू झाला तिथून बाजूला किमान पाच यार्ड जाऊनच त्याने रेषा (डाव सुरू होताना चेंडू असतो ती, दोन्ही संघांमधली) ओलांडायची, असा नियम होता. पंचांना ते पाच यार्ड दिसावेत म्हणून उभ्या रेघा, त्यामुळे मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं. १९१० ला ती अट गेली, रेघाही गेल्या. १९११ ला फक्त आडव्या.

तिसरा_डाउन

दोन दुरुस्त्या, फलक छापायला जायच्या आधी.

‘कार्लाइल कॉलेज’ लिहू नका. ते कॉलेज नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात लष्कराच्या जुन्या बराकींत १८७९ ला रिचर्ड हेन्री प्रॅटने काढलेली ती सरकारी निवासी शाळा, कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून, केस कापून, भाषा विसरायला लावून ‘सुधारायचं’ हा तिचा उद्देश. १९१८ ला बंद झाली. अशी शाळा हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनियाला त्यांच्याच खेळात हरवते, ही गोष्ट फलकावर हवी. नाहीतर १८-१५ हा नुसता आकडा उरतो.

आणि ‘ऑलिंपिक विजेता जिम थॉर्प’ असं १९११ च्या सामन्याखाली नको. स्टॉकहोम १९१२ च्या उन्हाळ्यात. हार्वर्डला चार फील्ड गोल मारले तेव्हा तो शाळेचा खेळाडूच होता.

ड्रॉपकिक

सिराक्यूजच्या ११-१२ कडे कोणी बघितलंच नाही. अख्ख्या हंगामातला शिकण्यासारखा सामना तोच. १८ नोव्हेंबर, हार्वर्डनंतर बरोबर एका आठवड्याने. दोन्ही संघांचे दोन-दोन टचडाउन. सिराक्यूजच्या दोन्ही किक लागल्या, कार्लाइलची एक हुकली. झालं, हंगामातला एकमेव पराभव एका गुणाने.

आजच्या प्रेक्षकाला ही किक हुकणं विचित्र वाटेल, कारण आज ती मधोमध समोरून असते. तेव्हा रग्बीसारखं होतं. टचडाउन जिथे झाला तिथून सरळ रेषेत चेंडू मैदानात मागे आणायचा आणि त्या रेषेवरूनच मारायचा. कोपऱ्यात टचडाउन झाला तर किकही कोपऱ्यातूनच. मागे गेलात तर कोन सुधारतो पण अंतर वाढतं. दुसरा पर्याय पंट-आउटचा: एकाने गोलरेघेवरून चेंडू पायाने मैदानात उडवायचा, साथीदाराने तो अधांतरी झेलायचा आणि जिथे झेलला तिथून गोलवर मारायचा. झेल सुटला की संधी गेली. ही भानगड १९२० पर्यंत चालली. प्रात्यक्षिकात एवढं एकच दाखवलंत तरी लोकांना कळेल की ‘टचडाउन ५, किक १’ यातला तो १ किती महाग होता.

म्हणून खांबही १९११ चेच लावा. खांब गोलरेघेवरच होते, मागे १९२७ ला गेले. दोन खांबांमध्ये १८ फूट ६ इंच, आडवा दांडा १० फुटांवर, खांब २० फुटांच्या वर. फुटबॉलचा गोल वापरायचा मोह होईल, पण तो २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. कोन खोटा पडतो. बांबू घ्या, तीन फूट जमिनीत जातील असे. गोलरेघेच्या मध्यापासून दोन्हीकडे ९ फूट ३ इंच. खालच्या सहा फुटांना जुनी गादी गुंडाळा, खेळाडू पळत येतात तिथेच खांब उभा असतो.

लकडीपूल_पलीकडे

सगळ्यांचे आभार. तक्ता नव्याने केला, ‘कॉलेज’ काढलं, ‘ऑलिंपिक’ काढलं. अर्धं मैदान ठरलं. फक्कीवाला, दर १५ फुटांना रेघ म्हणजे अकरा रेघा धरल्यात. आता चेंडू कुठला घ्यायचा? आणि चार-पाच डाव खरेखुरे खेळून दाखवायचे झाले तर १९११ चे नियम थोडक्यात सांगा.

तिसरा_डाउन

चेंडू रग्बीचा, पाच नंबरचा. आजचा अमेरिकन चेंडू फेकायला सोपा जावा म्हणून सडपातळ आणि टोकदार केलेला आहे. १९११ चा फुगीर होता, टोकं बोथट. ड्रॉपकिकमध्ये चेंडू जमिनीवर टेकून उसळताना मारायचा असतो. टोकदार चेंडू कुठेही उडतो, बोथट बऱ्यापैकी सरळ वर येतो. थॉर्पच्या काळात किकला एवढं महत्त्व का होतं, ते चेंडू हातात घेतल्यावर कळतं.

नियम: तीन डाउनमध्ये (डाउन म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न) १० यार्ड, चौथा डाउन १९१२ चा. १९०५ पर्यंत तीन डाउनमध्ये पाचच यार्ड लागायचे, त्यामुळे सगळे मधोमध घुसायचे आणि जिवावर बेतायचं. हेच थांबवायला १९०६ ला दहा यार्ड केले आणि पुढे फेकायला परवानगी दिली. सामना १५ मिनिटांच्या चार भागांचा, हे १९१० पासून. सात जण रेषेवर हवेतच. आपल्याच चेंडूवाल्याला मागून ढकलायचं किंवा ओढायचं नाही. हात गुंफून भिंत करायची नाही. पुढे फेकणारा रेषेच्या पाच यार्ड मागे हवा आणि पास रेषेपुढे २० यार्डांपर्यंतच. सुरुवातीची किक मैदानाच्या मधोमधून, म्हणजे तुमच्या ५५ च्या रेघेवरून.

तीन डाउनमुळे डावपेच कसा बदलतो, ते एका डावात दाखवा. पहिल्या डाउनला दोन यार्ड मिळाले, दुसऱ्याला तीन. आता पाच हवेत आणि एकच डाउन हातात. त्या काळचा कप्तान इथे सरळ पायाने चेंडू लांब उडवून देई. स्वतःच्या गोलजवळ असेल तर पहिल्याच डाउनला उडवे. आजचा खेळ बघितलेल्यांना हे पळपुटेपण वाटेल, म्हणून आधी सांगून ठेवा.

पाडापाडी नको. शिरस्त्राण सक्तीचं झालं ते १९३९ ला, पण म्हणून ‘मूळ स्वरूपात’च्या नावाखाली उघड्या डोक्याने टॅकल करायचं कारण नाही. दोन्ही हातांनी कमरेला स्पर्श केला की डाव थांबला, एवढं पुरे.

पोस्टरच्या कोपऱ्यात जागा उरलीच तर एक ओळ इथलीही टाका: १९१४ ला डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम बांधले गेले. तिकडे १९१२ ला मैदान, डाउन आणि गुण एकाच वर्षात बदलले होते.

फक्कीवाला

अकरा नव्हे, बारा रेघा. टप्पे अकरा. गोलरेघ मोजायची राहिली तुमची. आणि १६५ बाय १६० जवळजवळ चौरस असल्यामुळे कुठली बाजू कुठली ते खुंट्यांवर लिहून ठेवा. नाहीतर आखणारी मुलं रेघा नव्वद अंशांत फिरवून टाकतील आणि शेवटची रेघ दहा फुटांवर अडकली की तुम्हाला फोन करतील.