जर्मन 'ओप्फर' हा शब्द मराठीत कसा आणायचा? बळी की हुतात्मा?

बर्लिनला उंटर डेन लिंडन रस्त्यावर 'नॉये वाखे' म्हणून छोटी दगडी वास्तू आहे, वास्तुविशारद शिंकेलने राजाच्या पहारेकऱ्यांसाठी बांधलेली, १८१८ ची. आत फक्त मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली आई, आणि वर छताला गोल भोक, त्यातून पाऊस-बर्फ थेट तिच्या अंगावर. खाली लिहिलंय, 'युद्ध आणि जुलमी राजवटीच्या ओप्फरना'. या ओप्फरला हुतात्मे म्हणावं का?

---

हुतात्मे नको. हुत म्हणजे आहुती दिलेलं, हुतात्मा आपणहून जीव देतो. नाझींच्या छळछावणीत मारलेल्यांनी काही दिलं नव्हतं हो, त्यांच्याकडून हिसकावून घेतलं. पीडितही बसत नाही, तो बहुतेक वेळा जिवंत असतो. बळीच बरोबर, कारण ओप्फरसारखेच त्याचेही दोन अर्थ आहेत, देवापुढे दिलेला तो बळी आणि पुरात गेला तोही बळी. 'बळी पडणे'ला तर जर्मनमधे हुबेहूब 'त्सुम ओप्फर फालन' आहे.

---

बळीला +१, पण त्या वास्तूत हा शब्द नंतर आलाय. १९३१ मधे तिथे पहिल्या महायुद्धात 'पडलेल्या' सैनिकांचं स्मारक झालं, आपण धारातीर्थी पडले म्हणतो तसं. १९६० मधे पूर्व जर्मनीने ते फॅसिझम आणि लष्करशाहीच्या ओप्फरचं केलं, १९६९ ला एक अनाम सैनिक आणि एक अनाम छळछावणीतला कैदी यांचे अवशेष तिथे पुरले. १९९३ ला आत्ताचं वाक्य आलं तेव्हा खूप लोक चिडले, मारणारे आणि मारले गेलेले एकाच शब्दात कसे बसवता म्हणून, आणि मला तो राग अगदी रास्त वाटतो. मग दाराशी वेगळी पाटी लावली, त्यात ज्यू, सिंती-रोमा वगैरे सगळ्यांचा वेगवेगळा उल्लेख आहे.

आणि ती आई बघा. मूळ छोटं शिल्प केटे कोलविट्झ या शिल्पकार बाईचं, तिथे मोठं करून बसवलंय. कोलविट्झचा मुलगा पेटर १८ व्या वर्षी ऑक्टोबर १९१४ मधे बेल्जियममधे मारला गेला. वय कमी म्हणून भरतीला वडिलांची परवानगी लागत होती, ते नाही म्हणत होते आणि हिनेच त्यांना राजी केलं होतं. म्हणजे बळी दिला की बळी गेला, हा प्रश्न त्या बाईला आयुष्यभर पुरला असणार, आपण इथे नुसता शब्द शोधतोय.

---

वाचून गलबलून आलं. मग 'युद्धाचे आणि जुलमी राजवटीचे बळी' असं लिहिते. मराठीत 'युद्धाचे बळी' म्हटलं की दिलेले असा अर्थ निघत नाही, त्यासाठी 'युद्धात दिलेले बळी' म्हणावं लागेल, त्यामुळे कोलविट्झबाईंची गोष्ट मात्र वेगळी टीप म्हणून खाली देते.