ड्युब्रोव्निक (क्रोएशिया): जुन्या शहराच्या तटबंदीवर आईला नेता येईल का? (मदत हवी आहे, अर्जंट)

अनुजा_के: आजच्या आज बुकिंग करायचंय आणि नेटवर दहा जण दहा गोष्टी सांगतायत. आईबरोबर तटबंदीची फेरी मारायची आहे, पश्चिमेच्या पिले गेटने चढायचं की दुसरीकडून? लिफ्ट आहे का? प्लीज स्वतः गेलेल्यांनीच सांगा.

भटका_समीर: लिफ्ट नाही, सगळ्या पायऱ्याच. आईंचं वय काय, गुडघे कसे, महिना कुठला? काहीच लिहिलं नाहीत.

रेवती७: शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) चालतो बरं का, १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे, चलनही तेव्हापासून युरो.

अनुजा_के: व्हिसा झालाय हो! जुलै. आई ६८, सपाटीवर भरपूर चालते, पायऱ्यांना कठडा लागतो.

माधव_जी: पूर्वेच्या प्लोचे गेटने चढा. फेरी एकाच दिशेने असते, घड्याळाच्या उलट, त्यामुळे मिंचेता बुरुजाचा चढ सुरुवातीलाच ताज्या पायांनी उरकतो. पिलेला गर्दीही फार.

भटका_समीर: माधवराव, अहो त्या चढानेच आई दमतील, पुढचं काय बघणार? अनुजाताई, पिलेनेच चढा. पहिला जिना उभा आहे, सावकाश घ्या, मग समुद्राच्या कडेकडेने जात सेंट जॉन किल्ल्यापाशी आईंना उतरवा, त्या जुन्या बंदरावर बसतील, तुम्ही पुढे मिंचेता करून या. एकदा खाली उतरलं की त्याच तिकिटावर परत वर सोडत नाहीत, तेवढं आधी ठरवा.

माधव_जी: पण मिंचेता हा तटबंदीचा सगळ्यात उंच भाग, तिथून गावाची छपरं बघायलाच हवीत. काही कौलं फिकट, डागाळलेली, आणि मध्येच भडक नारिंगी पट्टे. १९९१-९२ च्या युद्धात शहराला पडलेल्या वेढ्यात तोफगोळ्यांनी छपरं फुटली, नंतर नवी कौलं बसवली. मी तर तिथून हललोच नाही.

स्मिता_प्र: जुलै म्हणताय आणि उन्हाबद्दल कुणी बोलतच नाहीये! १९४० मीटरची फेरी आणि वर सावली जवळपास नाहीच. सकाळी आठला उघडल्या उघडल्या आत शिरा, नंतर क्रूझवाले येतात. तिकीट टाकू नका, मध्ये परत तपासतात आणि लोव्रियेनाक किल्लाही त्यावरच बघता येतो.

अनुजा_के: आई बंदरावर हे एकदम पटलं. स्प्लिट शहराहून सकाळची ट्रेन कितीची आहे?

भटका_समीर: ड्युब्रोव्निकला ट्रेनच जात नाही! बसने चार तास तरी धरा. आदल्या रात्री मुक्कामाला या, नाहीतर आठची वेळ हुकलीच.