स्टोकचे दुकानदार, कारागीर आणि आपण: अनुभव लिहा

बशीतला चहा (हॅन्ली)

मंडळी, हॉटेलात बसल्या बसल्या बशी उलटी करून खालचा शिक्का वाचणारं माणूस दिसलं, की ते आमच्या गावचं आहे असं बिनदिक्कत समजावं. गाव म्हणजे स्टोक-ऑन-ट्रेंट, इंग्लंडातलं चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावं १९१० साली एकत्र बांधली, १९२५ मध्ये शहराचा दर्जाही मिळाला, पण "कुठले तुम्ही?" विचारलं की माणूस अजून आपापल्या गावाचंच नाव सांगतो.

लंडन-लेस्टरबद्दल आपली मंडळी पानंच्या पानं लिहितात, इकडचं कुणी लिहीत नाही. हॉस्पिटलातले डॉक्टर-नर्स, युनिव्हर्सिटीतली मुलं, रोसेस्टरला जेसीबीत आलेले पुणेकर, सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. वेजवुड या इथल्या नामांकित भांडी कारखानदार घराण्याचा इतिहास नको, तो कुठेही मिळतो. ज्या माणसाने तुमच्या हातावर सुटे पैसे ठेवले, त्याच्याबद्दल लिहा. तक्रार असेल तर दुकानाचं नाव टाळा.

लाल बरणी (लाँगटन)

मी लिहिते आधी. लग्न होऊन आले तेव्हा घरात दोन मग आणि एक कढई. शेजारच्या आजींनी कारखान्याच्या दुकानात पिटाळलं, 'सेकंड्स' घ्यायला. सेकंड्स म्हणजे बारीकसारीक खोट असलेला, म्हणून स्वस्तात काढलेला माल. गल्ल्यावर एक साठीच्या बाई. त्यांनी आयुष्यभर पॉटबँकेत काम केलेलं (इथे कारखान्याला पॉटबँक म्हणतात), आधी कच्च्या कपांच्या कडा स्पंजाने पुसायचं, मग पारखायचं.

मी वरची ताटली उचलून पिशवीत टाकायला गेले, तर म्हणाल्या, "वाजवून घे, डक." (डक म्हणजे इथलं लाडाचं 'बाळा'.) ताटली तीन बोटांच्या टोकांवर तोलायची आणि काठावर नखाने टिचकी मारायची. चांगली असेल तर आवाज लांबत जातो. केसाएवढी चीर असेल तर 'ठप्'. मग ताटली गल्ल्यावर सपाट ठेवून काठ दाबायचा, डुगडुगली तर भट्टीत वाकलेली. मग उलटी करून खालच्या कड्यावरून अंगठा फिरवायचा. प्रत्येक नगातली खोट त्या स्वतःच दाखवायच्या: हा लोखंडाचा काळा ठिपका, इथे नक्षीच्या कागदाचा सांधा चुकलाय, इथे झिलईला टाचणीएवढं भोक. एक वाडगा मात्र देईनात. झिलईला आतून जाळी पडली होती. "जेवायला नको नेऊस. किल्ल्या ठेवणार असशील तर घे."

खरी गंमत सासूबाई आल्या तेव्हाची. त्यांना पांढराशुभ्र, उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसतील असा कप भारी आवडला. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या नाहीत, पण चौकस. "हे कशाचं करतात गं?" मी भाषांतर करून विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं: निम्मी गुरांच्या हाडांची राख, उरलेल्यात कॉर्नवॉलचा दगड आणि पांढरी माती. इथल्याच स्पोडच्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या शेवटी हा मेळ बसला तो आजतागायत तसाच. सासूबाईंनी कप असा खाली ठेवला की जणू चटकाच बसला. बाई हसल्या नाहीत की समजूतही घालत बसल्या नाहीत. आम्हाला पलीकडच्या फळीशी नेलं, जाडसर मलईरंगाच्या अर्दनवेअरपाशी. "यात माती, दगड आणि गारगोटीची पूड. हाड नाही." सहा कपबश्या घेतल्या. पुढच्या खेपेला मी एकटी गेले तर पहिला प्रश्न, "सासू कशी आहे?"

कढीलिंबू (टन्स्टॉल)

ओटकेकवाल्यांशिवाय हा विषय पुरा कसा होईल? ओटचं पीठ, थोडं गव्हाचं पीठ, यीस्ट घालून आंबवलेलं, मोठ्या गरम लोखंडी पत्र्यावर पळीने ओतलेलं. आपलं घावनच, फक्त मऊ आणि तपकिरी. आत चीज आणि बेकन घालून गुंडाळी करतात. रविवारी सकाळी रांग असते आणि रांगेत पायजम्यावर कोट चढवून आलेले लोकही असतात.

हॅन्लीत एका बैठ्या घराच्या खिडकीतून ओटकेक विकायचे, 'होल इन द वॉल' म्हणत त्याला. २०१२ मध्ये वस्ती पाडायची म्हणून ते बंद झालं. जुनी माणसं अजून त्या खिडकीबद्दल घरातलं कुणी गेल्यासारखी बोलतात.

मी सुरुवातीला "बेकन नको" म्हणाले तेव्हा आमचा दुकानदार काही बोलला नाही. पुढच्या रविवारी त्याने पत्र्याच्या एका कडेला माझ्यासाठी चीज-कांदा वेगळ्या उलथन्याने केला. मी मागितलं नव्हतं. एकदा घरून लसणाची चटणी नेऊन दिली, चाखून म्हणाला, "बरी आहे." इथल्या मापाने ही फार मोठी पावती!

पुणे ३८ (तेव्हा रोसेस्टर, आता परत कोथरूड)

कंपनीने पाठवलं होतं. परतायच्या आधी आईसाठी डिनर सेट घेतला आणि घाम फुटला, कारण विमानात तो सुटकेसमधून न्यायचा होता. दुकानात पॅकिंगला एक काका होते. त्यांचे वडील आणि आजोबाही पॅकर. पूर्वी हेझलच्या फोकांचे विणलेले मोठाले क्रेट असत, त्यात गवताच्या थरांत माल बसवायचा आणि कालव्यातल्या होड्यांवर चढवायचा. ट्रेंट-मर्सी कालवा १७७७ मध्ये पुरा झाला तो मुख्यतः याचसाठी: नैऋत्य इंग्लंडची माती लिव्हरपूलमार्गे आत यावी, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर घोड्यांच्या पाठीवर निम्मा माल न फुटता बाहेर जावा.

काकांनी माझी सुटकेस उघडली, कपडे बाहेर काढले आणि म्हणाले, "टॉवेल तळाला." ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, मधे कागद. वजन काठावर येतं आणि काठ ते पेलतो, आडवी ताटली पोटात फुटते. कपात कप घालायचा नाही. प्रत्येक कपात कागदाचा बोळा कोंबायचा, कानाभोवती वेगळी गुंडाळी. शेवटी झाकण लावून सुटकेस उचलली आणि कानाशी धरून हलवली. "आवाज येता कामा नये." आला नाही. कोथरूडला बारा ताटल्या साबूत पोचल्या. मुंबई विमानतळावर कस्टमवाल्याने सगळं उपसलं असतं तर मी तिथेच बसकण मारली असती, ते वेगळं.

पॅकिंगचे पैसे घेतले नाहीत. चहा पाजतो म्हटलं तर म्हणाले, दुपारचा झालाय.

कोपऱ्यावरचा (बर्स्लेम)

इथे सगळे गिऱ्हाईक म्हणून लिहितायत, मी गल्ल्याच्या अलीकडून लिहितो. आमचं कोपऱ्यावरचं दुकान. दूध, ब्रेड, पेपर, सिगारेट, लॉटरी.

ज्यांच्याकडून दुकान घेतलं त्या म्हाताऱ्या जोडप्याने पहिल्या दिवशी मालाची यादी नाही दिली, गावाचं वेळापत्रक दिलं. पहाटेची पाळी किती वाजता, भट्टीवाले कधी येतात, पगार कुठल्या वारी. आणि पॉटर्स हॉलिडे: जूनचा शेवटचा आणि जुलैचा पहिला आठवडा. सगळ्या पॉटबँका एकदम बंद, शाळाही त्याच हिशेबाने, गाव समुद्रावर. त्या पंधरा दिवसांत दूध कमी मागवायचं आणि दुकानाला रंग काढायचा तर तेव्हाच. आता ते पूर्वीसारखं राहिलं नाही.

माझा सकाळचा धंदा शेजारच्या एका कारखान्यावर होता. साडेसहाला दार उघडलं की ढोपरापर्यंत पांढरी धूळ लागलेली माणसं. कुणाला काय लागतं हे तोंड उघडायच्या आत ठाऊक. कारखाना बंद झाला तेव्हा बातमी कामगारांच्या आधी मला कळली असावी, कारण साहेबलोकांच्या गाड्या एका आठवड्यात तीनदा आल्या. नंतर काही जण उधारी फेडायला मुद्दाम आले. एकाने तर बंद झाल्यावर कित्येक महिन्यांनी येऊन पैसे ठेवले. मी वही केव्हाच फाडली होती, त्याच्याकडे हिशेब होता.

आता साडेसहाला उघडत नाही. आठला उघडतो, पार्सलं घेतो-देतो, त्यावर चाललंय.

सोनटक्का (फेंटन)

शेजारच्या काकू गिल्डर होत्या, कपांच्या काठाला सोनं लावायच्या. चाक हाताने फिरवायचं, त्यावर बरोबर मध्यभागी कप बसवायचा आणि कुंचला स्थिर धरायचा. रेघ कुंचला काढत नाही, चाक काढतं. भारीतलं सोनं भट्टीतून निघतं तेव्हा मातकट पिवळं, निस्तेज असतं. मग अ‍ॅगेट किंवा ब्लडस्टोनसारख्या कठीण दगडाच्या टोकाने घासून त्याला चकाकी आणतात. भट्टीतूनच चमकत येतं ते स्वस्तातलं. माझ्या घरचा सोनेरी काठाचा सेट पाहून काकूंनी एका नजरेत सांगितलं कुठल्यातला. कुठल्यातला ते सांगणार नाही.

खवचट (न्यूकॅसल-अंडर-लाइम)

आधीच सांगतो, आमचं गाव त्या सहांत नाही. आम्ही जोडून घ्यायला नकार दिला होता आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

वाचून डोळे पाणावले वगैरे. पण जरा धुरळाही बघा. या धंद्यात गारगोटीच्या पुडीने फुफ्फुसं गेली, झिलईतल्या शिशाने माणसं गेली. बाटलीच्या आकाराच्या दोन हजारांवर भट्ट्या कोळसा ओकायच्या. १९५६ च्या क्लीन एअर कायद्याने त्या विझल्या, आता पन्नासही उभ्या नाहीत, आणि आपण त्यांच्यासमोर सेल्फी काढतो. आता गॅसची बिलं उरलेल्या कारखान्यांना खातायत. २०२५ मध्ये रॉयल स्टॅफर्ड हा भांड्यांचा कारखाना गेला. मूरक्रॉफ्ट हे दुसरं नामांकित पॉटबँकही बंद पडलं, ते संस्थापकाच्या नातवाने घेऊन पुन्हा सुरू केलं. पोरं काउंटरवर उभी राहत नाहीत, बेट३६५ या इथल्या ऑनलाइन सट्ट्याच्या कंपनीत खुर्चीवर बसतात, आणि बरोबरच करतात.

आणि सगळे कारागीर साधुसंत नसतात. आमच्या न्हाणीघराला टाइल लावायला एक जण आला होता. आगाऊ रक्कम घेतली, अर्धी भिंत लावली आणि गायब. टाइलच्या माहेरघरात! उरलेली भिंत यूट्यूब पाहून मीच लावली.

बशीतला चहा (हॅन्ली)

@खवचट, धूळ आणि शिसं दोन्ही मान्य. सोनटक्काच्या शेजारच्या काकूंनाच विचारा, त्यांच्या आईचा खोकला अख्ख्या गल्लीला ऐकू यायचा. म्हणून तर माणसांबद्दल लिहा म्हटलं. टाइलवाल्याचं वाईट वाटलं.

परळकर (मुंबई)

मी तिकडे चारच दिवस होतो, तरी लिहितो. आमच्या भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातली फरशी मिंटन कंपनीची, म्हणजे स्टोकची. लहानपणी त्यावर घसरगुंडी खेळलोय (रखवालदाराने कान धरेपर्यंत). म्हणून स्टोक गावात एका जुन्या मालाच्या दुकानात शिरलो, मिंटनची एखादी टाइल मिळेल तर बघावी.

दुकानदार एकदम रुक्ष. पण मुंबईच्या फरशीचा फोटो दाखवला आणि त्याने खुर्ची पुढे सरकवली. मग शिकवणी. मागे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली, तिच्या कोपऱ्यातल्या अक्षरांवरून साल काढता येतं. नुसतं 'इंग्लंड' लिहिलं असेल तर बहुधा १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' त्याहून अलीकडचं. एका टाइलवर मी हात ठेवला तर म्हणाला, ही घेऊ नका, ही अलीकडची नक्कल आहे, माझ्याकडे चुकून आलीय. किंमत मात्र अस्सलची लावून ठेवली होती, ते मी बोललो नाही. दुसरी घेतली, कोपरा उडालेली.

माळीबुवा (लाँगटन)

छोटासा अनुभव. मागच्या अंगणात मेथी लावायला खणलं, तर हातभर खाली मातीपेक्षा खापऱ्याच जास्त. गटाराच्या कामाला आलेल्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, इथे फुटका माल टाकायचे, खाली ओढ्यापर्यंत हेच आहे. खिशातून स्वतःचा एक निळा तुकडा काढून दाखवला, प्रत्येक कामावरून एक उचलतो म्हणे. मेथी वाफ्यात नाही आली, कुंडीत आली.

रंगीत खडू (लेस्टर)

वाचून यावंसं वाटतंय. जूनच्या शेवटी शनिवार-रविवार आलो तर दुकानं उघडी असतील ना? ते पॉटर्स हॉलिडेचं वाचून शंका आली. आणि ओटकेक लेस्टरला नेता येतात का?

कढीलिंबू (टन्स्टॉल)

या खुशाल, आता गाव बंद नसतं. कारखान्यांच्या दुकानांच्या रविवारच्या वेळा मात्र आधी बघून घ्या. ओटकेकला दुपारनंतर जाऊ नका, संपलेले असतात. डझन घ्या, मधे कागद घालून फ्रीझरमध्ये टाका. गरम करताना तव्यावरच, मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात. चटणी आमच्याकडची न्या.